चिंतामणी, दहा वाजता

१

श्यामसुंदर खरे नाहीसे झाले त्या गुरुवारी मी डाळिंब्या सोलत होते. डाळिंब्या सोलताना माणसाने जागचं हलू नये असं माझं मत आहे, पण समोरच्या नीरजाने बेल अशी काही वाजवली की ताट तसंच टाकून उठले.

"काकू, बाबा तुमच्याकडे आलेत?"

"नाही गं. का?"

"घरात नाहीयेत."

एवढंच म्हणाली आणि माझ्या चपलांच्या स्टँडला धरून उभी राहिली. नीरजा एरवी तोऱ्यात असते. आयटी कंपनीत पन्नास माणसं तिच्या हाताखाली, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकावन्नावे आम्ही. आज मात्र तिचे ओठ पांढरे पडले होते.

घरात बाप-लेक दोघंच. श्यामसुंदरराव एक्क्याऐंशीचे, खडकीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होते. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. नीरजाने नऊ वाजता सुई टोचली, पोहे दिले आणि मीटिंगसाठी ऑफिसला गेली. सव्वा अकराला परत आली तर दाराला लॅच, आत कोणी नाही, मोबाइल चार्जिंगला लावलेला.

"साडेबाराला पोटात जेवण गेलं नाही की त्यांची साखर धाडकन उतरते, काकू. मागच्या महिन्यात देवासमोर बसल्या बसल्या आडवे झाले होते. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं."

मी घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा.

"वॉचमनला विचारलंस?"

"दहाला दहा कमी असताना बाहेर पडले म्हणतो. एकटेच. हातात कापडी पिशवी. कोपऱ्यावर रिक्षात बसले. पोलीस चौकीतही फोन केलाय मी. आणि काकू, हे बघा."

तिने मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचा होता. आजच्या चौकटीत श्यामसुंदररावांच्या कोरीव अक्षरात एकच नोंद होती. 'चिंतामणी, १०.'

२

आता मी कोण, ते सांगून टाकते. हेमा पेंडसे. टपाल खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली बावीस सॉर्टिंगला. एकाच नावाच्या सतरा माणसांची पत्रं सतरा ठिकाणी पाठवणं यावर माझं पोट भरलं. पत्र नावावर जात नाही, पत्त्यावर जातं. त्यामुळे सोसायटीत पार्सल हरवलं, मांजर हरवलं, कोणाचा जावई हरवला, की लोक माझ्याकडे येतात. पण आजपर्यंत घड्याळ लावून कोणी हरवलं नव्हतं.

आणि चिंतामणी म्हणजे तरी कोणता? थेऊर जवळ, त्यामुळे आमच्या भागात दगड भिरकावला तर कुठल्या ना कुठल्या चिंतामणीलाच लागतो. रक्त तपासणारी लॅब चिंतामणी. गाडी भाड्याने देणारा चिंतामणी. घरी आजाऱ्यापाशी बायका पाठवणारा ब्युरो चिंतामणी. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. ज्याने त्याने आपापल्या मनाने गणपतीला पाटीवर बसवलेलं.

लॅबला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबांचं सँपल पुढच्या सोमवारी आहे. आज आमचा मुलगा तुमच्याकडे गेलेलाच नाही." एक बाद.

चिंतामणी टूर्सचा विश्वजीत श्यामसुंदररावांना नेहमी दवाखान्यात नेतो. तो आळंदीला लग्नाची माणसं घेऊन गेला होता. मागे सनई वाजत होती आणि तो ओरडून बोलत होता. "काकांनी काल फोन केला होता, काकू! उद्या दहाला मोकळा आहेस का म्हणून. मी नाही म्हटलं. कुठे जायचंय ते सांगेनात. म्हणाले, जाऊ दे, दहा मिनिटांचा तर रस्ता आहे, रिक्षा करतो."

"म्हणजे नोंद गाडीची नाही," मी फोन ठेवून म्हटलं. "गाडीची असती तर विश्वजीत नाही म्हणाल्यावर त्यांनी ती खोडली असती. आणि गेलेत ते जवळच."

"मला माहितेय कुठे ते." नीरजाचा आवाज चढला. "ब्युरो. ती श्रद्धा. साडेअकरालाच त्या ब्युरोला चांगलं झापलंय मी. चौकीतही तिचंच नाव दिलंय."

श्रद्धा यवतमाळकडची. चार महिने श्यामसुंदररावांपाशी दिवसभर असायची. शांत पोर, काम नीट. आठ दिवसांपूर्वी नीरजा दुपारी अचानक घरी आली तर घराला कुलूप. तासाभराने दोघं रिक्षातून उतरली, श्यामसुंदरराव घामाघूम. कुठे गेला होता विचारलं तर दोघंही गप्प. नीरजाने श्रद्धाला त्याच मिनिटाला काढलं आणि पुन्हा दारात पाऊल ठेवलंस तर पोलिसांत देईन म्हणाली. जिन्यात आम्ही सगळ्यांनीच ते ऐकलं होतं.

"सह्या घेतल्या असतील, नाहीतर अंगठा," नीरजा म्हणत होती. "एवढं काय लपवायचं असतं? आता महर्षिनगरला कुठेतरी ड्यूटीवर आहे म्हणे. तिनेच कोणाला तरी पाठवून त्यांना बोलावून घेतलंय."

"तिला फोन केलास?"

"मी? त्या बाईला?"

शेवटी मीच माझ्या फोनवरून लावला. व्यस्त. दोन मिनिटांनी लावला. व्यस्त. पुन्हा लावला.

"बघा!" नीरजा माझ्या खांद्यावरून वाकून ऐकत होती. "कोणाशी एवढं बोलतेय ती?"

बारा वाजून अठरा मिनिटं झाली होती.

३

"मला घर बघू दे," मी म्हटलं.

"घरात काय बघायचंय काकू? माणूस बाहेर आहे!"

"माणूस बाहेर जाताना घरातूनच जातो, बाई. सरक."

आधी त्यांची खोली. श्यामसुंदरराव कोपऱ्यावर दूध आणायला गेले तरी पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट घालतात. तो शर्ट हँगरवर होता. दाराच्या मागच्या खिळ्याला त्यांचा जुना खाकी शर्ट असतो, कारखान्यातला. घरात साधा बल्ब बदलायचा असला तरी तो घातल्याशिवाय ते स्टुलावर चढत नाहीत. खिळा रिकामा होता.

"सह्या करायला माणूस खाकी शर्टात जात नाही, नीरजा. देवळात जात नाही, डॉक्टरकडेही जात नाही. हा माणूस कामाला गेलाय."

"काम? एक्क्याऐंशीव्या वर्षी? मी त्यांना स्क्रूसुद्धा फिरवू देत नाही. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढल्यापासून सगळं बंद केलंय मी."

"म्हणूनच," मी म्हटलं आणि गॅलरीत गेले.

गॅलरीच्या भिंतीला त्यांची हत्यारांची फळी आहे. प्रत्येक हत्याराला खिळा, आणि खिळ्याखाली त्या हत्याराचा आकार रंगवलेला. कारखान्यात शिस्त अशी होती की स्टोअरमधून हत्यार न्यायचं तर त्याच्या जागी आपल्या नंबराचा पितळी बिल्ला अडकवायचा. हत्यार परत केलं की बिल्ला परत. रिटायर झाल्यावर श्यामसुंदररावांनी पितळेचे आपले सहा बिल्ले घरी कापले, त्यांवर २१७ ठोकलं आणि आपल्याच घरात आपल्याच फळीवर तोच नियम चालू ठेवला. मी एकदा पक्कड मागायला गेले तर म्हणाले, "हेमाताई, तुमचा बिल्ला?" कपाळ माझं! शेवटी ब्लाउजचं एक बटण दोऱ्याने खिळ्याला बांधलं, तेव्हा कुठे पक्कड मिळाली.

आज फळीवर तीन बिल्ले लटकत होते. बारक्या स्क्रूड्रायव्हरच्या जागी एक. तेलाच्या कुपीच्या जागी एक. चामड्याला भोकं पाडायच्या पंचाच्या जागी एक.

"नीरजा, त्यांना कोणी फसवून नेलेलं नाही. घाबरलेला माणूस किंवा भ्रम झालेला माणूस बिल्ले लावत बसत नाही. शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने, तीन हत्यारं घेतलीत आणि ती परत आणून ठेवणार आहेत. डबा नेलेला नाही, म्हणजे जेवायला घरी यायचं ठरवून गेले होते."

"मग आले का नाहीत?" नीरजा जवळजवळ किंचाळली.

मी खाली वाकले. फळीखाली वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर चामड्याचा एक तुकडा पडला होता. करंगळीएवढी गोल वादी, टोकाला सुरीने सरळ कापलेली.

अशी वादी मी तीस वर्षांत पाहिली नव्हती, पण तिची ओळख पटायला मला क्षणही लागला नाही. माझ्या आईच्या पायमशीनला हाच पट्टा होता.

४

"पट्टा, पट्ट्याला भोक पाडायचा पंच, तेल, बारका स्क्रूड्रायव्हर," मी बोटांवर मोजत म्हटलं. "पायाने चालवायचं शिवणाचं मशीन दुरुस्त करायला गेलेत ते. तुमच्याकडे मशीन आहे?"

"नाही."

"ओळखीत कोणाकडे?"

नीरजाने ती वादी हातात घेतली. मग हळूच म्हणाली, "श्रद्धा म्हणायची. एक जुनं मशीन मिळालंय, चालू झालं की घरी ब्लाउज शिवीन, बारा-बारा तासांची ड्यूटी सोडीन. मी लक्षच दिलं नव्हतं."

"त्या मशीनचं नाव काय?"

"मला काय माहीत!"

"मला माहितेय. दिवाळीच्या आधी तुझ्याच कॅलेंडरवर 'कावेरी, ४' लिहिलं होतं आणि ही कावेरी कोण म्हणून तू मला विचारायला आली होतीस. कोण निघाली?"

"सोसायटीचा पाण्याचा पंप."

"फिटर माणसाची नोंद ठेवत नाही, मशीनची ठेवतो. आपण सकाळपासून लॅब, टूर्स, ब्युरो असे माणसांचे चिंतामणी शोधतोय. श्यामसुंदरराव गेलेत ते लोखंडी चिंतामणीकडे. आठ दिवसांपूर्वी दोघं रिक्षातून कुठे गेली होती? मशीन बघायला. आणि गप्प का बसली? तू काम बंद केलंयस म्हणून ते गप्प, आणि ब्युरोला कळलं तर नोकरी जाईल म्हणून ती गप्प."

"पण श्रद्धा तर आज ड्यूटीवर आहे. घरी कोण असेल?"

कोणी नसेल. दोघींच्याही मनात एकदमच ते आलं. एकटा म्हातारा, बंद खोली, टोचलेलं इन्सुलिन. बारा एकतीस.

ब्युरोला फोन लावला. अपूर्वा नावाच्या मॅडम होत्या, आवाज बर्फातला. "श्रद्धा आमच्या यादीत नाही. आणि आम्ही कोणाचेही पत्ते देत नाही."

"अहो, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"मघाशी खरे ताईंनी चोरीचा प्रश्न आहे म्हणून सांगितलं होतं. आधी काय ते ठरवा." फोन ठेवला.

पत्ता देत नाहीत म्हणे! चौतीस वर्षं मी काय गवत कापलं? आमच्या भागातला पोस्टमन केदार माझ्या हाताखाली शिकलेला. त्याला फोन केला. "चढावरच्या अप्पर वस्तीत राहणारी, यवतमाळकडून पत्रं येणारी श्रद्धा. आठव."

"आडनाव, मॅडम?"

नीरजाला ते आठवेना. चार महिने घरात वावरलेल्या बाईचं आडनाव.

केदारच म्हणाला, "यवतमाळहून आईची रजिस्टर्ड पत्रं येतात, ती का? पाण्याच्या टाकीच्या मागे, निळा जिना, पहिला मजला. ती ड्यूटीवर असली की शेजारच्या दुर्गाबाई सही करून घेतात."

खाली पळालो. रिक्षावाला मीटरवर यायला तयार नव्हता. नीरजा त्याला काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही, पण तो निघाला.

रिक्षात मी पुन्हा श्रद्धाचा नंबर लावला. अजून व्यस्त. आणि तेव्हा माझ्या म्हाताऱ्या डोक्यात उजेड पडला. वीस मिनिटं कोणी बोलत असेलही, पण मी चार वेळा लावला आणि चारही वेळा व्यस्त? तो बोलणाऱ्याचा फोन नव्हे. न लागणारा नंबर पुन्हा पुन्हा लावत बसणाऱ्याचा फोन असा येतो.

"नीरजा, तिला काढलंस तेव्हा तिचा नंबर ब्लॉक केलास का?"

तिने फोन काढला. दोनदा तिचा पासवर्ड चुकला. ब्लॉक केलेल्या नंबरांत श्रद्धाचे कॉल होते. पहिला बारा वाजून चौदा मिनिटांचा. त्याखाली एकामागून एक, तेवीस.

शेवटचा नुकताच, बारा बेचाळीसचा.

"ती घरी आहे, काकू. बाबा तिच्यापाशी आहेत." नीरजाने ब्लॉक काढला, नंबर लावला आणि फोन कानाला धरला. मग तिने तो सावकाश खाली घेतला.

"स्विच ऑफ."

५

त्या चढावर रिक्षा पहिल्या गिअरमध्ये कण्हत होती. नीरजा पुटपुटत होती, "थांबली का? फोन करायचं थांबली का?" मी तिचा हात धरला होता. देवाधर्माचं माझं फार नाही, पण त्या दिवशी मी रस्त्यातल्या प्रत्येक पाटीवरच्या चिंतामणीला हात जोडले.

निळा जिना. पहिला मजला. दार उघडंच होतं.

श्यामसुंदरराव जमिनीवर, भिंतीला टेकून बसले होते. खाकी शर्ट घामाने काळा झालेला, चेहरा मेणासारखा. पण डोळे उघडे होते. श्रद्धा त्यांच्यासमोर उकिडवी बसून वरण-भाताचा घास त्यांच्या तोंडाशी धरत होती. शेजारी साखरेच्या पाण्याचा रिकामा तांब्या पडला होता, आणि मागे काळं पायमशीन उभं होतं. त्याच्या अंगावर सोनेरी अक्षरांत चिंतामणी लिहिलेलं होतं.

आम्हाला पाहताच तिने घास ताटात ठेवला आणि दोन्ही हात वर केले. आधी तेच.

"मी काही नाही केलं, ताई. बाबाले मी नाही बोलावलं. मले वाटलं, तुम्ही काढल्यावर आता कशाले येतील ते. दुर्गाबाईनं दार उघडून दिलं अन् ती कामाले गेली. तुम्हाले फोन लावून लावून थकले, पण लागूनच नव्हता राहिला. आता तर चार्जिंगच संपलं. पोलिसाले नका सांगू."

नीरजा बापाच्या गळ्यात पडली होती. श्यामसुंदरराव तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "अगं, पट्टा तेवढा बसवायचा होता. हिला मी शब्द दिला होता. तू जाऊ दिलं नसतंस."

मी मशीनपाशी गेले. पट्टा एका बाजूने जोडलेला होता, दुसरं टोक लोंबत होतं. तिथेच त्यांची शुद्ध गेली असणार.

"श्रद्धा," मी विचारलं, "तुझी ड्यूटी आठपर्यंत असते ना? तू सव्वाबाराला घरी कशी?"

ती नीरजाकडे बघेना. पदराने हात पुसत राहिली.

"साडेअकराले म्याडमचा फोन आला होता. म्हणाल्या, खरे ताईंनी तक्रार केली, तू चोरी केली, म्हाताऱ्याले पळवलं. यादीतून नाव काढलं, आत्ताच्या आत्ता ड्यूटी सोड. तिथल्या आजीले तसंच ठेवून निघाले. रडतच आले मी. दार ढकललं तर बाबा मशीनवर डोकं टेकून पडलेले. तोंडातून आवाज नाही."

अपूर्वा मॅडमनी 'यादीत नाही' म्हटलं तेव्हाच मला हे कळायला हवं होतं. मी ते आठ दिवसांपूर्वीचं समजले होते.

नीरजाने मान वर केली. ती मनात काय मोजत होती ते मला दिसत होतं. तिने तो खोटा आळ घेतला नसता, तर श्रद्धा रात्री आठनंतर घरी आली असती.

"म्हणजे मी फोन केला म्हणून..." ती म्हणाली. ती रडायला लागली, अगदी लहान मुलीसारखी, नाक ओढत.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. चौकीतून होता. त्या बाईचा पत्ता मिळाला का, विचारत होते. नीरजाने डोळे पुसले. "मिळाला. तिने काही केलेलं नाही, खोटं मी बोलले. नाही, तोंडी नको. मी येते तिथे आणि तसं लिहून देते." मग लगेच तिने ब्युरोला लावला आणि स्पीकरवर ठेवला. आपली चूक, आपला खोटेपणा, सगळं न अडखळता सांगितलं. नीरजाला माफी मागताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

अपूर्वा मॅडम म्हणाल्या, "नाव परत घेऊ. पण त्या आजींकडे दुसरी बाई गेली. आता नवीन ड्यूटी निघेल तेव्हा बघू. महिना जाईल, दोन जातील."

नीरजाने फोन ठेवला. "श्रद्धा, उद्यापासून आमच्याकडे ये. ब्युरो नको, मधे कोणी नको. तू म्हणशील तसं."

श्रद्धाने श्यामसुंदररावांचं ताट पुन्हा जवळ ओढलं. उरलेल्या भाताचा घास केला, त्यांना भरवला, ते गिळेपर्यंत थांबली.

"बाबाले भेटायले येईन, ताई," ती म्हणाली. "ड्यूटीले नाही येणार."

नीरजाने मान डोलावली. तुझं चुकतंय असं ती म्हणाली नाही, आणि मीही म्हणाले नाही.